पाच मिनिटं गप्प

त्बिलिसीहून नवा कागद आला.
मेस्तियाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी घडी उलगडली
आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
त्सिउरी, रेघ खाली आली गं.

म्हणजे काय, तर
मुश्नी गुलबानी, वय एकाहत्तर,
परवापर्यंत धडधाकट होता.
एकशे चौतीस तेव्हाही होते, आजही आहेत.
रक्त त्याच नळ्यांतून त्याच नेटानं धावतंय.
तो जागचा हलला नाही,
रेघच त्याला ओलांडून गेली.

मला वाटलं भडकेल.
तो चुलीत लाकूड सारत म्हणाला,
खाली गोरीकडे रात्रीत कुंपण सरकतं
आणि म्हातारी परक्या मुलखात जागी होते,
तिचीच परसबाग, तिचंच सफरचंदाचं झाड.
आता तेच माझ्या दंडात झालं म्हणायचं.

कागदावर एक चित्रही आहे.
खुर्ची. पाठ टेकलेली. पायावर पाय नाही.
हात टेबलावर, काळजाच्या उंचीला.
लोंबता ठेवला तर आकडा खोटा चढतो,
हे आता नीट मोजून पाहिलंय म्हणे.

बावीस वर्षं.
बावीस वर्षं मी दंड बांधत आले
ट्रॅक्टरच्या मडगार्डाशी, फाटकाशी, गोठ्यात,
उभ्या उभ्या, माणूस गायीला हाका मारत असताना.
किती जणांच्या गोळ्या मी उगाच वाढवून आणल्या?
याचा कागद कुणी पाठवणार नाही.

पाती गुलबानीनं मिठाचा डबा
माझी गाडी दिसताच फळीमागे सारला होता.
आमचं मीठ म्हणजे लसूण, मेथी, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या,
मिरची, आणि हो, मीठ.
मी म्हटलं, बाकी सगळं राहू दे, तेवढं अर्धं कर.
ती पुटपुटली, केलंय. तीन आठवडे झाले.
त्याला सांगू नकोस,
तो म्हणतो यंदा लसूण झकास आलाय.

मग शेवटची अट:
आधी पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही.

इथे पाहुण्यासमोर गप्प बसतात
ते फक्त मयताच्या घरी.
पातीनं हातातली भाकर तशीच धरली.
छपरावरून बर्फाचा एक थर घसरला, धप्.
चुलीत राळ तडतडली.
भिंतीवर लेवान, खांद्यावर दोराचं वेटोळं,
सत्तावीस वर्षांचाच आहे अजून.
त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून
तिघंही त्याच्याकडेच बघत होतो.

चौथ्या मिनिटाला मुश्नी बोलला,
त्या दिवशी त्याला मीच म्हटलं होतं, जा.

पातीनं भाकर खाली ठेवली.
नऊ वर्षांत हे वाक्य
या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

नियम असा की बोललं तर पुन्हा पहिल्यापासून.
मी घड्याळ परत लावलं.
आणखी काय करणार होते?

पहिला आकडा एकशे अठ्ठावन्न.
कागद म्हणतो, पहिला सोडून द्या,
माणूस अजून पुरता बसलेला नसतो.
दुसरा एकशे त्रेचाळीस. तिसरा एकशे अडतीस.
त्या दोघांची सरासरी मी वहीत लिहिली.
पहिला मात्र सोडवेना,
तो माझ्या डोक्यात आहे, तारखेसकट.

निघताना तो दारापर्यंत आला.
मंगळवारी ये, म्हणाला,
यंत्र विसरलीस तरी चालेल.

मी म्हटलं, मुश्नीकाका,
यंत्राशिवाय मला पेट्रोलचे पैसे मिळत नाहीत.

बरं, म्हणाला, मग घेऊन ये.
आणि हात, कुणी न सांगता,
छातीच्या उंचीला दाराच्या चौकटीवर टेकवून
गाडी वळेपर्यंत उभा राहिला.