ठक्-च्या आधी

एर्लांगेन, नोव्हेंबर. ऐकायच्या खोलीला खिडकी नाही.
भिंतींना फोमचे सुळके, पायाखाली जाळी.
इतकं शांत, की वाल्ट्राउड म्हणते
मानेतली शीर ऐकू येते.

तिनं घरून टेप आणलीय:
बेखहोफेन, कुंचल्यांचा कारखाना.
एक म्हातारा राठ केसांची जुडी
टोकं जुळवायला टेबलावर आपटतो.
ठक्.
मग श्वास, मग तिकडच्या बोलीतलं एक वाक्य,
ज्यातला प तोंडातून ब होऊन पडतो.

मशीन एका वेळी पाचशे शहात्तर आकडे उचलतं,
विचारतं, यात कुठली कोसाइन किती?
एक संथ, गळ्याएवढी रुंद.
दुसरी जरा दाट. तिसरी.
शेवटच्या शे-दोनशे केसांहून बारीक,
त्यांचा वाटा एवढा किरकोळ
की पूर्णांकात बसवताना शून्य उरतं.
शून्याला जागा लागत नाही.
आमचा सगळा संसार त्यावर चाललाय.

मोठ्या आवाजाच्या सावलीत लहान आवाज कानाला दिसत नाही,
म्हणून तो टाकायचा.
खुर्चीची कुरकुर टाकली.
कोपऱ्यातला गळका नळ, अर्धा टाकला.
बाराव्या हिश्श्यात म्हातारा ओळखू येतो.
सुंभ जळला, पीळ राहिला, मी मनात म्हणालो.

तिनं पुन्हा ऐकलं. पुन्हा.
म्हणाली, ठक्-च्या आधी काहीतरी आहे.
पापणी लवायच्या आत,
वाळू सांडावी तसं.
मूळ टेपवर तिथं काही नाही.

साहजिक आहे, मी म्हणालो.
लाटेला क्षण कळत नाही, आख्खी चौकट कळते.
पूर्णांकाची चूक चौकटभर पसरते.
ठक्-नंतरची ठक्-खाली दडते,
आधीचीला लपायला जागा नाही.
तिथं चौकटीचे तीन तुकडे करू. उद्यापर्यंत होईल.

रात्रभर बसलो. झालं.
ठक् आता कोरडं, नेमकं, सुरीनं कापल्यासारखं.
तिनं पाचपैकी पाच गुण लिहिले,
पेनाला टोपण लावलं.

कालची फाइल पुसलीस?

अजून नाही.

पप्पा मार्चमध्ये गेले, ती म्हणाली.
दवाखान्यातून फोन आला.
त्याच्या आधी काहीच नव्हतं रे, काहीच नाही.

मी फ्लॉपी दिली.
ती दिवा न लावता पुन्हा आत जाऊन बसली.
काचेतून दिसत होतं:
वाळू सांडत असणार, हात वर असणार,
जुडी अजून टेबलाला लागलेली नाही,
आणि ती, कुणी दार उघडणार असावं तशी,
मान थोडी वळवून.