विषय : निळा

नियम एकच, पण जाच आहे त्याचा :
भिंतीवर आपला फोटो आला
की आपण गप्प बसायचं.
तीन मिनिटं. वाळूचं घड्याळ हेल्वेचं,
अंडी उकडायचं.

कॅर्डलाच्या वाचनालयात, मुलांच्या विभागात
आम्ही अकरा जण बुटक्या खुर्च्यांवर,
गुडघे हनुवटीशी.
हीटरवर हातमोजे वाळताहेत,
ओल्या लोकरीचा वास.
फोटोखाली नाव नाही, नुसता आकडा.
माझा नववा.

महिन्याचा विषय होता निळा.
आकाश चौघांनी आणलं.
तिइनाने सासूच्या पोटरीवरची फुगलेली शीर,
सासूला विचारून.
राइवोने गॅसची ज्योत, जरा हललेली.
मुद्दामच, असं तो म्हणाला असता,
पण म्हणता येत नव्हतं.

मग माझा.
बेकरीला मी पहाटे चारला निघते,
पीठ थांबत नाही कुणासाठी.
त्या दिवशी चांदणं होतं, बर्फ पडून गेलेलं.
कुंपणाच्या खांबावर टोपी ठेवली,
टोपीवर कॅमेरा,
आणि वीस सेकंद श्वास धरून उभी राहिले,
जणू माझ्या श्वासानेच हललं असतं सगळं गाव.
डोळ्यांना जे काळंकरडं दिसलं
ते आत निळं होऊन साठलं :
छपरं निळी, सरपणाची रास निळी,
पालथी घातलेली होडी,
पलीकडे गोठलेला समुद्र;
त्याला तर निळा हा शब्दही तोकडा.

"छान आहे," कुणीतरी म्हणालं.
छान म्हणजे पुढे पण येतोच.
"क्षितिज डावीकडे उतरतंय."
"होडी अर्धीच का?"
मग लेम्बित सर उठले.
शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे,
मला पाचांपैकी तीन द्यायचे, एकदा चार.
लाकडी पट्टी घेऊन थेट भिंतीशी गेले,
आणि वर, उजव्या कोपऱ्यात
मोहरीएवढ्या पिवळ्या ठिपक्यावर
पट्टीचं टोक टेकवलं.
"विषय निळा. मग हे काय?
सगळी नजर इथून गळते,
बादलीला भोक असावं तशी.
कापून टाका. फोटो वाचेल."

माना हलल्या. बरोबरच होतं.
मलाही कळत होतं. संगणकावर
दोनदा पुसला होता तो ठिपका,
दोनदा परत आणला.
का, ते सांगायची सोय नव्हती,
आणि असती तरी नेमकं ठाऊक कुठं होतं?
रोज असतो तो, एवढंच. नोव्हेंबरपासून.
मी पेटवत नाही, विझवत नाही,
त्याच्याकडे बघून
घसरड्या वळणावर पाय टाकते.

पट्टी खाली आली नाही.
सर चष्मा कपाळावर चढवून
भिंतीला नाक लावून उभे,
पुटपुटत मोजताहेत :
पोस्ट, बंबाची शेड, दोन बर्च…
"किती वाजता काढला?"
विचारलं भिंतीलाच.
मी गप्प. वाळू अजून सरायची होती.
सगळे वाळूकडे बघत बसले.
"बोल आता," हेल्वे म्हणाली.
"चार वाजून दहा मिनिटं."

सरांनी मान हलवली,
उत्तर शेवटी जुळलं तशी.
"स्वयंपाकघर," म्हणाले. "माझं."
आणि बुटक्या खुर्चीत जाऊन बसले.
कुणी खोकलं. हेल्वेने घड्याळ उलटं केलं.
दहावा फोटो : पुन्हा आकाश.

चिठ्ठ्या घरी येऊन वाचल्या.
निनावी असतात त्या,
पण दहापैकी ६.५०,
तेही दोन दशांश स्थळांपर्यंत,
देणारा माणूस बेटावर एकच.
"क्षितिज सरळ करा.
ठिपका काढाच, मत बदललेलं नाही."
आणि कागद उलटा केल्यावर, बारीक अक्षरात :
"एक प्रत मला. न कापलेली."

रात्री क्षितिज सरळ करायला घेतलं.
जरा फिरवलं की चारी कडा आत सरकतात,
आणि पहिल्यांदा जातो तो
उजवा वरचा कोपरा.
परत फिरवलं.
राहू दे तिरकं.
समुद्र गोठलेला आहे,
सांडणार नाही.