चिठ्ठ्या

डुलुथला ऑक्टोबरातच बर्फ.
लोव्हेलच्या गॅरेजात आम्ही सात जण,
एक हीटर, आणि मतांसाठी बुटाचं खोकं.

शाळा सुटल्यापासून
बॅट धरली नाही आमच्यातल्या कुणी.
संघ मात्र प्रत्येकाचा, कागदावरचा,
परक्यांच्या खांद्यांवर, गुडघ्यांवर पोसलेला.

मेरिलचा संघ जुलैपासून तसाच.
हात लावला नाही कुणी.
कोपर गेलेला त्याचा पिचर
अजून पहिल्याच ओळीत,
रोज इमानाने शून्य आणतो.

तरी तो पाचवा.
आणि पहाटे उठउठून
खेळाडू बदलणारा मी,
आठवा.

वर्षाचा उत्तम मॅनेजर:
इथे पेन्सिल अडली.
मेरिलमध्ये आर एक की दोन?
आता विचारायचं कुणाला.

लोव्हेलने खोकं उपडं केलं.
सात चिठ्ठ्या.
चार स्पेलिंगं.