सोयाबीनचा रस्सा

रविवारी अकराला मी खोबरं भाजायला घेते
आणि सातपूरच्या आमच्या जिन्यात
सगळ्यांना कळतं.
वरच्या बोरस्तेबाई दारात येऊन विचारतात,
"सोडलंय ना तुम्ही? मग हे सोंग कशाला?"

सोंग नाही हो.
द्वारकेच्या सिग्नलला शेजारी टेम्पो थांबलेला,
फळीच्या फटीतून एक तोंड बाहेर
रिक्षात बसलेल्या माझ्या ओढणीचं टोक चघळत होतं.
सिग्नल सुटला. ओढणी ओली राहिली.
त्या दिवशी सोडलं ते एवढंच,
ते तोंड.

लवंग कुठे सोडली? दगडफूल?
कांदा थेट जाळावर काळा करायचा
हे अण्णांचं शिकवणं कुठे सोडलं?
भद्रकालीतून ते सायकलवर यायचे,
हँडलला काळी पिशवी,
घंटी न वाजवता,
तरी आम्हाला आधीच भूक लागलेली.
नळी माझी. नेहमी माझी.
ताटावर ठक ठक आपटायची,
आई म्हणायची, फुटेल गं ते ताट.

आता वड्या भिजवते, पिळते.
पिळताना त्या फुस्स करतात,
जरा हसल्यासारख्या.
तर्री तीच, भाकरी बाजरीचीच,
दातांना थोडं काम.
मांजर येतं, हुंगतं, निघून जातं.
त्याला फसवायचं नव्हतंच.

फक्त जेवण झाल्यावर
हात रिकाम्या ताटात काहीतरी शोधत राहतो.
परवा चमचाच आपटला दोनदा.
बोरस्तेबाईंनी वरून विचारलं,
"कोण आलंय हो?"