बुडी मारली तिथून दूर

दिवाडीला माझी पाळी पहाटे अडीचला सुरू होते,
तिकडे जिनिव्हात तेव्हा रात्रीचे अकरा.
पडद्यावर आलेख हलतात, मी बघते.
सेकंदाला चार कोटी टकरी. हजारेक ठेवायच्या,
बाकीच्या कायमच्या सोडून द्यायच्या.
मानशीवर इनास जाळं लावतो तेव्हाही असंच:
आस किती बारीक ठेवायची
हे मासा यायच्या आधी ठरवावं लागतं.

आमची आस आम्हीच विणली, एका समजुतीवर:
जे जन्मेल ते टकरीच्याच जागी मरेल.
आणि जे लगेच मरत नाही,
हातभर, वावभर अंधारात चालत जाऊन मग फुटतं,
ते?
वर्षानुवर्षं भोकांतून निघून गेलं असेल.
असेल, एवढंच म्हणता येतं.

रायबंदरच्या धक्क्याजवळ पाणकावळा बुडी मारतो.
फेरीबोटीतले सगळे बुडीच्या जागेकडे बघत राहतात.
तो वर येतो भलतीकडे, खांबापाशी,
चोचीत काहीतरी चमकतं, किंवा नसतं.
मला पगार मिळतो तो भलतीकडे बघायचा.

इनासला म्हटलं, विश्वातलं बरंचसं दिसतच नाही.
"मग आहे कशावरून?"
मी फेरीबोट दाखवली. सगळ्या स्कूटर डाव्या अंगाला,
आणि बोट मात्र सरळ.
"उजवीकडे कोण बसलंय, सांग."
त्यानं नीट पाहिलं. "इंजीन," म्हणाला.
हसला नाही.

गेल्या जूनमध्ये, पावणेपाचला,
रिकाम्या जागेतून दोन रेषा फुटल्या.
मागे काहीच नाही.
मी उठले, बसले, तिकडे प्रज्वलाला फोन लावला,
दोघी काही बोललो नाही बराच वेळ.
तीन आठवड्यांनी कळलं: एक साधाच कण
आमच्याच यंत्राच्या आधाराच्या कांबीला धडकला होता.
आता सगळ्या कांबींचा नकाशा आहे माझ्याकडे.
नवल दिसलं की आधी कांबी तपासते.

आठ वर्षांत हाती आली ती एक रेघ.
रेघेच्या वर: इथे नाही.
दरवर्षी ती थोडी खाली सरकते.
आई विचारते, सापडलं?
कुठे नाही ते सापडलं, मी म्हणते,
आणि ती जेवायला वाढते.
इनासला यात काही विशेष वाटत नाही,
खाजनाचा कुठला कोपरा रिकामा
हे तो बापाकडूनच शिकला.

साडेदहाला पाळी संपते.
पोदेर केव्हाच येऊन गेलेला, पाव गार.
धक्क्यावर येते तर बोट नुकती सुटलेली
आणि पाणकावळा बुडालेला.
मी मोजत उभी:
नऊ, दहा,
अकरा