निळी

डोकं हलवू नका, मी तिसऱ्यांदा म्हणाले.
मी जुळे सोलापुरात, टेबलाशी.
ती विडी घरकुलात, पाटावर,
लेकाचा लॅपटॉप पिठाच्या डब्यावर ठेवून.
पाठीमागच्या खिडकीत एप्रिलचं ऊन,
त्यामुळे कॅमेऱ्याला चेहरा नुसता काळा.
पडदा ओढा. ओढला.
तेव्हा कुठे नरसव्वा येमुलचे डोळे सापडले.

आता नऊ ठिपके येतील,
जो उजळेल त्याच्याकडे बघायचं.
"मुग्गू का?"
नाही हो, जोडायचे नाहीत, नुसतं थांबायचं.
पण चाळीस वर्षं पहाटे उंबऱ्यापुढे वाकलेली नजर,
ती ठिपक्यावर थांबेना,
वळसा घालून पुढे.
जुळणी फसली. पुन्हा. पुन्हा.
पाचव्या वेळी हिरवी खूण.

मग चित्रं. डावीकडे चादर, उजवीकडे टॉवेल,
कानात माझाच आवाज: निळी...
आणि मी मोजून ठेवलेली अर्ध्या सेकंदाची शांतता.
चादर हा शब्द यायच्या आत
डोळा चादरीकडे निघतो का,
नुसत्या एका वेलांटीच्या भरवशावर,
एवढंच मला हवं होतं.

तेलुगूत चादर बाई नसते,
टॉवेल बाप्या नसतो.
तेव्हा ती उशिरा निघणार,
हे मी प्रस्तावात आधीच लिहून बसले होते.

निघाली. उशिराच.
आलेख बघून मी मनातल्या मनात टाळी दिली.
फक्त चादरीवर गेलेली नजर परत फिरेना.
काठाकाठाने, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात,
पुढचं वाक्य सुरू झालं तरी तिथेच.

अवघड गेलं का, मी विचारलं.
"अवघड काय त्यात. तुम्ही निळी म्हणता,
ती मोरपंखी आहे ताई.
आणि खालच्या काठाला दोन धागे सुटलेत.
असला माल शेठ तोंडावर फेकतो."
आणि टॉवेल?
"टॉवेल बरा होता."

माझ्या तक्त्यात चौदा रकाने आहेत.
सुटलेल्या धाग्यांसाठी एकही नाही.
तिची ओळ ठेवावी की गाळावी,
मंगळवारपासून ठरत नाहीये.

जाता जाता तिने विचारलं,
"माझे डोळे तुमच्याकडंच राहणार का आता?"
नाही, चित्रफीत साठवत नाही आम्ही,
फक्त ठिपके. कधी, कुठे, एवढंच.
"नुसते ठिपके? रेघ नाही?"
मी काहीतरी सांगत होते,
तेवढ्यात पडद्यावरची चौकट विझली.
वीज गेली की तिनेच झाकण लावलं,
कोण जाणे.