आकडे

स्वेटर पाठीमागून धरला कुणीतरी.
वळून पाहिलं तर काचघर रिकामं,
पाण्याच्या नळ्या कुरकुरत होत्या
आणि बाहेर डंडीवर नदीकडून आलेलं धुकं,
खारट, ओंजळीत घेता येईल इतकं दाट.

धरलं होतं वेतानं.

पानाच्या टोकाला लांब शेपूट, शेपटीला आकडे,
मांजराच्या नखांसारखे उलटे वळलेले.
मी हिसका दिला. ते आणखी रुतले.
शिडीवरून मोराग म्हणाली, ओढू नकोस गं.
मागे सरक. त्याच्याकडेच जा. मग सुटतं.

नोकरीचा दुसरा दिवस होता.

"तुझ्या गावचाच ना हा?" डबा खाताना तिनं विचारलं.
पाटीवर सिक्कीम लिहिलेलं, खाली एक आकडा.
मी म्हटलं, बाई, सिक्कीम आणि आंबोली
म्हणजे डंडी आणि रोम.
ती हसली. मग मीच जरा खजील झाले,
कारण आमच्याही रानात वेत होता,
आणि मला त्याची फक्त छडी माहीत होती.

गवस मास्तरांचा नियम असा
की ज्याला मार खायचाय त्यानंच वेत तोडून आणायचा.
माझा भाऊ बाबल शहाणा, बारीक बघून आणायचा.
बारीक जास्त झोंबतो
हे त्याला कळेपर्यंत सातवी संपली.

मोरागचे आजोबा युद्धात आंधळे झाले.
शहरात अशा माणसांसाठी एक कारखाना होता,
तिथे ते तीस वर्षं खुर्च्यांची बैठक विणत बसले.
भोकातून पट्टी वर, भोकातून पट्टी खाली,
सगळा हिशोब बोटांच्या पेरांवर.
वेत म्हणजे त्यांच्या लेखी गुळगुळीत, ओलसर, शहाण्यासारखा वाकणारा.
काट्यांची सालं कुठल्या डोंगरात कुणी सोलली,
कुणाचे हात फाटले,
हे त्या गठ्ठ्यावर लिहिलेलं नसायचं,
आणि असतं तरी त्यांनी ते वाचलं कसं असतं?

हा मात्र सोलला गेला नाही.
शेजारच्या माडाच्या गळ्यात गळा घालत
चाळीस वर्षांत छपराला पोचला,
काचेला डोकं टेकून आडवा वळला,
पुन्हा काच, पुन्हा वळण.
एका हिवाळ्यात त्यानं एक तावदान फोडलं
आणि वीतभर बाहेर डोकावला.
सकाळी तेवढा काळा पडलेला.

यंदा मार्चमध्ये त्याला फुलं आली.
शेंड्याकडून लोंबणाऱ्या लांबच लांब माळा,
खवल्यावर खवला, आत पिवळट धूळ.
बघायला शाळेची मुलं आली, एक म्हातारं जोडपं आलं,
एक बाई नुसती ऊब घ्यायला आली.
मोरागनं त्यांना सांगितलं, हा नर आहे.
मादी या बेटावर आमच्या माहितीत कुठे नाही.
आणि ही जात एकदाच फुलते, मग मरते.
एका मुलीनं विचारलं, हे त्याला माहीत आहे?
मोरागला उत्तर सुचलं नाही. तिनं झारी उचलली.

ऑगस्टात आम्ही त्याला उतरवला.
चार माणसं, चामड्याचे हातमोजे, दोन दिवस.
हिरवळीवर आडवा टाकून टेप लावला:
सव्वीस मीटर, आणि थोडा.
ते "थोडा" वहीत कुठे लिहायचं कळेना.

मोरागनं घरून आजोबांची खुर्ची आणली होती,
बैठकीला मधोमध मुठीएवढं भोक पडलेली.
आम्ही कांड सोललं, चिरलं, रात्रभर पाण्यात ठेवलं.
दुसऱ्या दिवशी पहिल्याच वळणाला
पट्टी मोडली. आत नुसता भेंड.
या जातीचा वेत कामाचा नसतो,
हे पुस्तकात होतं, आम्हीच पाहिलं नव्हतं.
हसू आलं दोघींना, मोरागला जरा जास्तच,
मग तिनं नाक पुसलं आणि भोकावर उशी ठेवली.

त्याच्या जागी आता काळी माती, नवी पाटी, अजून कोरी.
मी तिथून जाते तेव्हा
पाठ आपोआप एक पाऊल मागे येते.
स्वेटरचा तो एक टाका सुटलेलाच आहे.
शिवायला घेते कधीकधी,
सुईत दोरा ओवते,
आणि दुसरंच काहीतरी शिवून ठेवते.